वर्गणीची पावती फेकू नका

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत आता स्क्रॅपबुकचं तयार किट मिळतं. खोक्यात काळ्या पानांची वही, फुलाफुलांची टेप, कागदी फुलपाखरं, आयफेल टॉवरचं स्टिकर, विमानाचं स्टिकर आणि इंग्रजीत छापलेल्या गोड गोड ओळी. किट घेणारी पोरगी पॅरिसला गेलेली नसते. ती गेलेली असते पन्हाळ्याला, मामाच्या लग्नाला इचलकरंजीला आणि रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायला. यातलं काहीही त्या खोक्यात नसतं.

छंद चांगला आहे. फार चांगला आहे. दोन तास मोबाइल बाजूला पडतो, बोटांना काम मिळतं. फोटो कुठं बसवायचा, कडेला किती जागा सोडायची, हा निळा कागद त्या पिवळ्याशेजारी शोभतो का, या विचारात डोकं गुंतून जातं. कात्रीनं एक रेघ सरळ कापली गेली की मनाला जे बरं वाटतं त्याला वयाची अट नाही. म्हणूनच हा छंद खोक्यात अडकू नये असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापुरातल्या घरात वर्षभरात येणारा कागद जरा बघा. गणपतीच्या वर्गणीची पावती: वर मंडळाचं नाव आणि स्थापनेचं वर्ष, बाजूला गणपतीचं चित्र, खाली कार्यकर्त्याची घाईतली सही. लग्नपत्रिका, आणि तिच्या तळाशी लग्नाला यायचं आग्रहाचं निमंत्रण देणारी चिल्लीपिल्ली. खासबागेतल्या कुस्त्यांची जाहिरात, पैलवानांच्या जोड्या लावून छापलेली. शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचं तिकीट. अंबाबाईच्या प्रसादाचं पाकीट. आजीच्या अक्षरातली वाणसामानाची यादी, तीत हरभरा डाळ अर्धा किलो आणि गूळ एक किलो. हे सगळं आपण रद्दीत घालतो. मग आठवणी जपायच्या म्हणून दुकानातून छापील आठवणी विकत आणतो.

हे उलटं आहे.

या छंदाची आजची लाट उठली तीही घरच्या कागदांतूनच. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन यांनी १९८० साली आपल्या घरच्या वह्या सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या एका मोठ्या परिषदेत मांडल्या. ती परिषद होती वंशावळी आणि घराण्यांच्या नोंदींची. लोकांनी वह्या पाहिल्या, तसं सामान मागायला लागले, दुकान निघालं, बाजार झाला. त्याच्याही आधी, १८७३ साली, मार्क ट्वेननं चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पानांवर आधीच डिंक लावलेला, तो ओला करायचा आणि कात्रण दाबायचं. थोर लेखकाला हे काम हलकं वाटलं नाही. आणि किटमधली ती फुलाफुलांची टेप? ती काढणारी जपानमधली कामोई ही कंपनी १९२३ साली सुरू झाली ती माशा पकडायचा चिकट कागद बनवण्यासाठी. पुढं ती रंगाऱ्यांची टेप बनवायला लागली. २००६ साली हौशी बायकांनी कंपनीला गाठून रंगीत टेप मागितली, तेव्हा कुठं ही नक्षी आली. म्हणजे हौस आधी आणि माल नंतर. आपल्याकडं माल आधी येतो आणि हौस त्याच्या मापानं कापली जाते.

कागद जपणं म्हणजे पोरखेळ, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी कोल्हापूरचंच उदाहरण देतो.

बाबूराव पेंटर यांनी इथं १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, १९२३ साली ‘सिंहगड’, १९२५ साली ‘सावकारी पाश’. सावकाराच्या तावडीत शेतकऱ्याची जमीन कशी जाते हे पडद्यावर दाखवणारा मूकपट, त्यात तरुण व्ही. शांताराम शेतकऱ्याच्या भूमिकेत. आज त्याची प्रत नाही. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट असेच गेले. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते, चिकट होते, तिचा भुगा होतो. देशभरातली कित्येक रिळं तर आतली चांदी काढण्यासाठीच विकली गेली. मग उरलं काय? कागद. बाबूरावांनी केलेलं ‘कल्याण खजिना’चं १९२४ सालचं पोस्टर आज आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. जुन्या सिनेमांच्या गोष्टी कळतात त्या थेटरात मिळणाऱ्या पातळ पुस्तिकांवरून, जाहिरातींवरून, फोटोंवरून. कुणीतरी ती पुस्तिका खिशात घालून घरी आणली आणि फेकली नाही. ज्याच्यावर पैसा ओतला तो पट गेला आणि जो कागद लोक वाटेत टाकून देत होते त्यानं साक्ष दिली.

पी. के. नायर हे नाव सिनेमावेड्यांना माहीत असतं. केरळातला हा मुलगा सिनेमाची तिकिटं जमवायचा, वजनकाट्याच्या यंत्रातून पडणारी कार्डंही जमवायचा. घरच्यांना त्यात काय अर्थ दिसला असेल? त्याच मुलानं पुढं पुण्यात, १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं केलं, नाशिकला दादासाहेब फाळक्यांच्या घरी जाऊन फिल्मचे तुकडे मिळवले आणि त्यांतून ‘कालिया मर्दन’ जुळवला. तुमच्या घरातलं पोरगं तिकिटं जमवत असेल तर ‘टाक की ते, नुसती घाण’ म्हणण्याआधी जरा थांबा.

आता शाळा. ‘प्रोजेक्ट’ नावाचा प्रकार घराघरात चालतो तो असा: दुकानातून छापील चार्ट आणायचा, त्यावरचे चौकोनी राष्ट्रीय नेते कापायचे, वहीत चिकटवायचे, खाली चार ओळी उतरवायच्या. बरेचदा हे रात्री अकराला आई करते आणि पोरगं झोपलेलं असतं. वर्गातल्या साऱ्या वह्यांत तेच टिळक, त्याच कोपऱ्यात. लीलाताई पाटील यांनी याच शहरात १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलानं स्वतः पाहावं, स्वतः करावं आणि त्यातून शिकावं, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. ती शाळा असलेल्या गावात मुलांच्या हाती छापील चौकोन द्यावेत, याचं मला वाईट वाटतं. शाहू महाराजांवर वही करायची तर पोराला घेऊन खासबागेत जा. १९१२ साली महाराजांनी बांधलेलं हे मैदान त्याला पायांनी मोजू दे, कागदावर त्याचा गोल आखाडा काढू दे, तिथल्या कुस्तीची एक जाहिरात आणून शेजारी लावू दे. वाकडं चिकटलं तरी चालेल. ते त्याचं असेल.

आणि हे पोरींचं काम आहे असं कोण म्हणतं? पेठेत जा. तालमीच्या नादातली माणसं फुटबॉलची कात्रणं वर्षानुवर्षं वहीत लावत आली आहेत. पाटाकडील तालमीचा संघ जिंकला त्या दिवसाचं पान, दिलबहारचा जुना संघ, खंडोबाचा गोली. कुस्तीतही तेच. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, दुसऱ्याच वर्षी गणपतराव आंदळकर. त्या काळातला फोटो जिथं जिथं तालमीत लागलेला आहे, तो कुणा पुरुषानंच कापून, पुठ्ठ्यावर लावून, काचेत घातलेला आहे. काम तेच, कात्री तीच. फक्त मुलीनं केलं की त्याला टाइमपास म्हणायचं. हा भेद बंद करा.

आता थोडं कामाचं, कारण जीव ओतून केलेली वही दहा वर्षांत पिवळी पडलेली पाहणं फार वाईट.

सेलोटेप वापरू नका. ती आधी पिवळी होते, मग तिचा चीक कागदात उतरतो आणि मग टेप सुटून येते, डाग राहतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आणि अशा कागदातलं आम्ल शेजारच्या फोटोलाही खातं. म्हणून कात्रण महत्त्वाचं असेल तर चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढून ती लावा, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात. एसटीची जुनी छापील तिकिटं, कंडक्टरनं भोकं पाडलेली, अजून तशीच आहेत. मशीनमधून येणारं आजचं तिकीट उष्णतेनं छापलेलं असतं, ते काही महिन्यांत कोरं होऊ शकतं. प्लॅस्टिकच्या पाकिटात तर लवकरच. त्याचीही त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा.

पांढरा फेविकॉल पातळ कागदाला सुरकुत्या पाडतो. ग्लू स्टिक बरी. घरची मैद्याची खळ कागदाला छान धरते, पण कसर लागते. जुने बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या कामात नको. फोटो तर चिकटवूच नका. आजोबांच्या वेळच्या अल्बमला काळी पानं असत, फोटोच्या चार कोपऱ्यांना चार कागदी त्रिकोण आणि मध्ये बटर पेपर. फोटो हवा तेव्हा निघे, हवा तेव्हा बसे. मग पानावर चीक आणि वर प्लॅस्टिकची फिल्म असे अल्बम आले. लग्नाचे फोटो त्यांना असे चिकटले की ओढले तर फाटतात. जुनी रीत सरस होती. कागदी कोपरे घरी करता येतात: पट्टी घ्या, दोन घड्या घाला, झालं.

फोटोच्या मागं पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेननं नको, समोर उमटतं. या एका गोष्टीचा मी हट्ट धरतो. सजावट राहून गेली तरी चालेल, नावं राहून जाऊ देऊ नका. घरात शेवटची म्हातारी आहे तोवर विचारा, ‘आज्जी, ही फेट्यातली माणसं कोण?’ तिच्यानंतर सांगणारं कुणी नाही.

आपल्या गावात आणखी एक भीती आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. नदीकडच्या वस्त्यांत पाणी ओसरल्यावर गाद्या, धान्य आणि फ्रीजसोबत अल्बमही रस्त्यावर आले. गादीची भरपाई होते, अल्बमची होत नाही. म्हणून पावसाळ्याआधी वह्या माळ्यावर चढवा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवा. अल्बम भिजलाच तर तो वाळू देऊ नका. वाळला की फोटो एकमेकांना धरतात आणि मग सुटत नाहीत. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात हलक्या हातानं सोडवा, चिखल जाऊ द्या, सावलीत कापडावर तोंड वर करून पसरा. उन्हात नको. फोटोवर बोट फिरवू नका, ओला थर निघून येतो. एवढ्या सगळ्याला त्या दिवशी वेळ नसेल, आणि पुरात तो नसतोच, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. लाइट असलेल्या पाहुण्यांच्या घरी. सवडीनं सोडवता येतात.

कागदाचं काम कोल्हापूरला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. दिवाळीला कामट्या तासून, पतंगाचा कागद लावून, झिरमिळ्या सोडून आकाशकंदील इथं घरी होत आले. २०१८ साली राज्यात थर्माकोल बंद झालं तेव्हा पुठ्ठ्याची मखरं करायला आपल्या पोरांना वेळ लागला नाही. हात आहेत. साहित्य रद्दीत पडलं आहे.

आणि एक मागणी, जाहीर. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. ते नाट्यगृह नव्यानं खुलं होईल तेव्हा त्याची एक भिंत प्रेक्षकांना द्या. या रंगमंचावरच्या नाटकांची तिकिटं, जाहिराती, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, नाच करणाऱ्या लेकरांचे फोटो कोल्हापूरच्या घरांत अजून असणार. ट्रंकेत, पुस्तकांत, जुन्या पर्सच्या कप्प्यात. महापालिकेनं ते मागवावेत, झेरॉक्स ठेवून मूळ कागद ज्याचा त्याला परत करावा आणि प्रत्येकाखाली घरच्यांनी सांगितलेलं नाव आणि साल लिहावं. तुमच्याकडं असेल तर आजच शोधायला घ्या. कपाटाच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्राचं अस्तर घातलेलं असतं ना, त्याच्या खालीही बघा.