महाराज परत आले
वेदगंगेला पूर आला की जिथे हायवे बंद पडतो, त्या निपाणीजवळच्या यमगर्णीचा एक कुत्रा 2024 च्या जूनअखेरीस मालकामागोमाग पायी पंढरपूरला निघाला. नाव महाराज. भजनाची आवड, त्यामुळे कुणी बोलावायची गरज नव्हती. दर्शन आटोपून मालक बघतात तर महाराज गायब! दुसऱ्याच मंडळींबरोबर गेला म्हणे. शोधून थकलेले मालक 14 जुलैला घरी पोचले आणि दुसऱ्याच दिवशी महाराज दारात शेपूट हलवत हजर. सुमारे अडीचशे किलोमीटर चालून, तेही खाऊनपिऊन धडधाकट. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावलेल्या नामदेवांची पंढरी ती. तिथून कुत्रं उपाशी कसं येईल? गावाने हार घातला, जेवण घातलं. यमगर्णी कागदोपत्री कर्नाटकात, पण आम्ही कोल्हापूरकरांनी महाराजला आपल्याच तालमीतला धरला.

तेव्हापासून गल्लीतल्या टायगर-मोतींच्या मालकांना वाटतं, आपलाही येईल. कुठला येतोय! महाराजने वाटेतला खांब न् खांब स्वतः हुंगला असणार, सह्याही केल्या असणार. आमचे टायगर गणपतीपुळ्याला जातात ते काचा वर करून, एसीत घोरत. आंबा घाटात उतरवले तर कोल्हापूर कुठल्या अंगाला, त्यांना काय ठाऊक?

आणि निसटतात तेही चहाच्या थांब्यावरच. चारी दारं एकदम उघडतात, दोरी कुणाच्या हातात होती यावर वाद सुरू होतो, तोवर टायगर उसात. आधी दोरी, मग दार, एवढंच तर करायचं असतं. गळ्यातला पट्टा घाबरलेलं कुत्रं मागे सरून सहज काढतं. छातीला बसणारा हार्नेस बरा. बिल्ल्यावर घराचा पत्ता कोरणं ही तर खास हुशारी! घराला कुलूप, अख्खं खटलं पुळ्याच्या वाळूत. खिशातल्या मोबाइलचा नंबर कोरा की. कातडीखालची चिपही कुत्रं कुठंय ते सांगत नाही; स्कॅनर फिरवला तर फक्त नंबर दाखवते.

गावात हरवलं तर शोधणाऱ्यांना तोटा नसतो, तीच पंचाईत. ‘मगाशीच गेलं की ओ रंकाळ्याकडं!’ दुसरा शपथेवर बिंदू चौक सांगतो. मग मोटरसायकली, हाका, शिट्ट्या. बिचारं आणखी दडतं. पाठलाग करू नये, खाली बसावं, हरवल्या जागी त्याचं अंथरूण ठेवावं, हे पटवायला आधी सगळ्या फौजेला चहा पाजावा लागतो.

पहाटे मात्र गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर चक्कर मारावी. नवं कुत्रं म्हशीवाल्यांच्या नजरेतून सुटत नाही. फक्त त्याला धारोष्ण दुधाची चटक लागायच्या आत पोचावं. नंतर घरचं कोरडं खाणं दाखवून ते हलेल, याची खात्री नाही.