वर्गशिक्षकाचे वर्गीकरण

अध्यापनासाठी चीनमध्ये जाणाऱ्या परदेशी कुटुंबांविषयी जे लिहिले जाते त्यात काड्यांनी जेवणे, गर्दी आणि चित्रविचित्र खाद्यपदार्थ यांना अवास्तव महत्त्व दिलेले आढळते. वस्तुतः या स्थलांतराचा गाभा वेगळाच असून तो असा की, ज्या व्यक्तीने उभ्या हयातीत दुसऱ्यांना गुण दिले, श्रेण्या दिल्या आणि प्रसंगी बाकावर उभे केले, तिचे सहकुटुंब सहपरिवार वर्गीकरण करण्याचे काम तेथील व्यवस्था तिचे विमान उतरण्यापूर्वीच हाती घेते.

पहिली विभागणी व्हिसाची. नोकरीसाठी येणाऱ्यास ‘झेड’ नावाचा व्हिसा मिळतो, तर त्याच्यासोबत १८० दिवसांहून अधिक काळ राहू इच्छिणारे पती, पत्नी व मुले ‘एस-१’ या व्हिसावर येतात. एस-१ वर नोकरी करता येत नसल्यामुळे मायदेशी बँकेची शाखा सांभाळणारी पत्नी, किंवा नेमणूक पत्नीची असेल तर दोन कारखान्यांचे हिशेब पाहणारा पती, कागदोपत्री आपल्याच मुलांच्या रांगेत येऊन बसतो. पतीच्या बाबतीत ही वार्ता सासुरवाडीस कोणत्या शब्दांत कळवावी, याविषयी चिनी कायदा मौन बाळगतो.

दुसरी विभागणी खुद्द शिक्षकाची. १ एप्रिल २०१७ पासून संपूर्ण चीनमध्ये लागू झालेल्या पद्धतीनुसार परदेशी नोकरदारांचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग केले जातात, आणि गुणांच्या आधारे वर्ग ठरवायचा झाल्यास ८५ व त्यावर ए, ६० ते ८४ बी आणि त्याखाली सी असा हिशेब असतो. ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास या श्रद्धेवर वाढलेल्या मराठी पदवीधरास येथे प्रथमच आपला दर्जा एका अक्षराने घसरल्याचे कळते. पगारास जास्तीत जास्त २० गुण आहेत, तर चिनी भाषेच्या ज्ञानास फक्त ५. २६ ते ४५ या वयास १५ गुण मिळतात आणि तेथून पुढे ते उतरत जाऊन साठीनंतर शून्यावर येतात. ज्ञानवृद्ध आणि वयोवृद्ध हे दोन शब्द जोडीने उच्चारणाऱ्या संस्कृतीतून आलेल्या माणसाने हा तक्ता एकट्याने वाचू नये हे बरे.

भाषाशिक्षकाला आणखी एक अट असते. त्याने सर्वसाधारणपणे आपली मातृभाषाच शिकवावी आणि ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा तो नागरिक असावा, असा हा दंडक असल्यामुळे तीस वर्षे शेक्सपिअर शिकवलेल्या पुण्याच्या प्राध्यापकापेक्षा नुकताच पदवीधर होऊन दोन वर्षे नोकरी केलेला कॅनेडियन तरुण इंग्रजीच्या वर्गाच्या दाराशी आधी पोहोचतो, आणि भारतीयांना गणित, विज्ञान, संगणक किंवा योग या वाटांनी आत शिरावे लागते. असे तक्ते नव्हते त्या काळी, १९३८ साली, काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून गेलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी तेथे शस्त्रक्रियांबरोबरच वैद्यकाचे विद्यार्थीही शिकवले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि त्याच वर्षी क्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्धही झाले. त्यांचे गुण मोजण्याची कोणास सवड नव्हती, हे चीनचे भाग्य म्हणावे लागेल.

यानंतरचे टप्पे झटपट उरकतात. हॉटेलबाहेर घर घेतलेल्या कुटुंबाने २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद करायची, आणि झेड व्हिसावाल्याने ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा, ज्यासाठी रक्त, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, उंची, वजन व दृष्टी अशी तपासणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पिटाळत केली जाते. या सर्व फेऱ्यांत कुटुंबास हाताशी धरून नेण्याचे काम विद्यापीठाचे ‘वायबान’, म्हणजे परदेशी पाहुण्यांचे सर्व व्यवहार पाहणारे कार्यालय करते. कुलगुरू रुसले तरी निभावते, वायबानमधील कारकून रुसला की गॅसचे बिल भरण्यापासून सगळेच घोडे अडते.

खरी परीक्षा मुलांच्या शाळेत असते आणि ती पालकांची असते. अमेरिकन लेखक पीटर हेसलर हे १९९६ ते १९९८ या काळात यांगत्से नदीकाठच्या फूलिंग गावी शिकवून गेले होते; २०१९ मध्ये ते पत्नी लेस्ली चांग आणि नऊ वर्षांच्या जुळ्या मुलींसह छंगदू येथे सिच्वान विद्यापीठात शिकवण्यासाठी परतले, आणि चिनी भाषा जवळजवळ न येणाऱ्या या मुलींना त्यांनी थेट सरकारी प्राथमिक शाळेच्या तिसरीत घातले. वडील मोठमोठ्या विद्यार्थ्यांना निबंध शिकवीत असताना मुली अक्षरओळखीपासून सारे गिरवीत होत्या, यातील विनोद वेगळा सांगण्याची गरज नाही. चिनी शाळेत पालकांचा वीचॅटवर एक गट असतो; वीचॅट म्हणजे निरोप, भाजीचे पैसे आणि भांडण हे तिन्ही एकाच ठिकाणी उरकण्याची सोय असलेले मोबाइल अ‍ॅप. बाईंनी “उद्या पांढरे मोजे” एवढे लिहिले की चाळीस-पन्नास पालक एकामागून एक “मिळाले” असे उत्तर धाडतात, आणि परदेशी बाप भाषांतराच्या अ‍ॅपमधून ते सर्व उतरवून शेवटी मोजे शोधायला उठतो तोवर रंगकामाच्या ब्रशचा नंबर विचारणारी दुसरी फेरी सुरू झालेली असते. सोमवारचे ध्वजवंदन, दिवसातून दोनदा कपाळ व गालफडे चोळून करायचे डोळ्यांचे व्यायाम आणि दुपारची झोप हे मुले आठवड्याभरात शिकतात. मोठ्यांना त्यांतील शेवटचा भाग तेवढा लगेच जमतो.

हिवाळ्यातील वर्गीकरण भौगोलिक आहे. छिनलिंग पर्वत आणि हुआई नदी यांना जोडणाऱ्या रेषेच्या उत्तरेस शहरी घरांना मध्यवर्ती केंद्रातून उष्णता पुरवली जाते (बीजिंगमध्ये साधारणतः १५ नोव्हेंबर ते १५ मार्च) आणि दक्षिणेस ती सोय नसते, त्यामुळे हार्बिनला नेमणूक झालेले कुटुंब उणे वीस अंशांतही घरात सदऱ्यावर वावरते, तर ‘उबदार दक्षिण’ म्हणून शांघाय पसंत करणारे कुटुंब दिवाणखान्यात कोट घालून बसते. दोन्हीकडे सोसायटीच्या आवारातील आज्या मात्र सारख्याच. अनोळखी परदेशी मुलाच्या सदऱ्याची बाही वर सरकवून आत किती थर आहेत हे त्या जातीने तपासतात, कमी आढळल्यास आईला जागेवर सुनावतात आणि पोराला गरम पाणी पाजा असे बजावतात. सर्दी, पोटदुखी आणि मनस्ताप या तिन्हींवर गरम पाणी हाच उतारा, याबाबत त्यांच्यात मतभेद नाहीत.

शांघायने १ जुलै २०१९ पासून कचऱ्याचे चार वर्ग सक्तीचे केले: ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. घंटागाडीच्या कृपेने ओला-सुका हे शब्द कानावरून गेलेले मराठी कुटुंब येथे प्रथम निर्धास्त असते, परंतु कोळंबीची साले ओल्यात आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या सुक्यात, कोंबडीची हाडे ओल्यात आणि डुकराची जाड हाडे सुक्यात, आणि चिंब भिजलेला टिश्यू पेपरही सुक्यातच, हे कळल्यावर त्याचा भ्रमनिरास होतो. ओला कचरा पिशवीतून काढून डब्यात रिकामा करायचा आणि पिशवी दुसऱ्या डब्यात टाकायची असते. ठरावीक वेळीच उघडणाऱ्या डब्यांपाशी उभे असलेले स्वयंसेवक पिशवीत डोकावून पाहतात, चूक करणाऱ्यास २०० युआनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पीएच.डी.धारकाची केळ्याची साल भर चौकात तपासली जाते.

सुट्ट्यांचे गणित मात्र प्रस्तुत लेखकाच्या मते अखेरपर्यंत सुटत नाही. सलग सुट्टी जुळवण्यासाठी सरकार मधले कामाचे दिवस सुट्टीत ओढते आणि त्यांची भरपाई लगतच्या शनिवार-रविवारी करून घेते, म्हणजे एखाद्या रविवारी गुरुवारचे वेळापत्रक चालते. सुट्टी समजून झोपलेल्या अनेक परदेशी शिक्षकांना, भरलेला वर्ग आपली वाट पाहत असल्याचे अंथरुणातच फोनवरून कळते.

एवढे होऊनही कायमचे असे काही पदरी पडत नाही, कारण शिक्षकाचा निवास परवाना बहुधा कराराइतकाच, वर्षभराचा असतो. हेसलर यांचा करार २०२१ मध्ये पुढे वाढवला गेला नाही आणि मुलींची चिनी भाषा रुळलेली असताना कुटुंब अमेरिकेस परतले. तरीही जाण्याचा बेत पक्का असणाऱ्या मराठी दांपत्यांना एकच विनंती आहे: एस-१ साठी पती-पत्नीचे नाते कागदाने सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी लग्नाची पत्रिका, फोटोंचा अल्बम किंवा पंगतीला जेवून गेलेले चारशे लोक यांपैकी काहीही ग्राह्य धरले जात नाही, तेव्हा विवाह नोंदणी राहून गेली असल्यास ती आधी उरकावी, आणि प्रमाणपत्रावरील नाव पासपोर्टावरील नावाशी अक्षरशः जुळते की नाही हे पाहूनच बॅगा भरायला घ्याव्यात.