बिडाच्या तव्याचे वारसदार

अमेरिकेच्या दक्षिण भागात, म्हणजे व्हर्जिनियापासून खाली जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी करत थेट टेक्ससपर्यंत, मेजवानीचा मेन्यू ठरवायला समिती बसली की पहिली पंधरा मिनिटं सगळं सुरळीत चालतं. सॅलड ठरतं. बर्फ घातलेला गोड चहा ठरवावाच लागत नाही, तो आपोआप येतो. मग कोणीतरी अजाण माणूस, बहुधा ओहायो नाहीतर शिकागोकडून नुकताच बदलून आलेला, म्हणतो, "काहीतरी तळलेलं ठेवू या की! इथली खासियत ना?" त्यासरशी टेबलाच्या टोकाला इतका वेळ पेंगत बसलेले एक गृहस्थ डोळे उघडतात, खुर्ची पुढे ओढतात आणि घसा खाकरतात. तिथून पुढे जेवण कधी आणि कुठे आहे याच्याशी त्या सभेचा काही संबंध उरत नाही.

हे बिडाच्या तव्याचे वारसदार. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत, अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांत, निवृत्तांच्या क्लबात, कुठल्याही समितीत एक सापडतातच. दोन सापडले तर मेजवानी पुढच्या वर्षावर जाते. अटलांटाजवळच्या आमच्या वसाहतीच्या वार्षिक मेजवानीच्या समितीत असेच एक आमच्या वाट्याला आले. मी त्या समितीत 'शाकाहाऱ्यांचा प्रतिनिधी' म्हणून होतो. म्हणजे मतदानाला हात वर करायचा आणि शेवटी आपल्या ताटात काय येणार हे नम्रपणे विचारायचं.

गृहस्थ पासष्टीच्या पुढचे, दक्षिण जॉर्जियातले. कडक इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट, संथ आणि लांबवलेलं बोलणं, वेटरचं काम करणाऱ्या कोवळ्या पोरीलाही 'मॅम' म्हणण्याची रीत. कोणाचं म्हणणं पटलं नाही तर ते विरोध करत नाहीत. मान किंचित तिरकी करून, मायेनं 'ब्लेस युअर हार्ट' म्हणतात. हे ऐकल्यावर शहाण्यानं विषय बदलावा.

त्यांचा अधिकार एकाच गोष्टीवर उभा: आजी. शनिवारी कोंबडी कापायची, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची, मग ताकात, मग कागदी पिशवीत पीठ घालून त्यात तुकडे खळखळ हलवायचे आणि बिडाच्या तव्यात डुकराच्या चरबीत तळायचे. ही कहाणी त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितली. दुसऱ्या बैठकीला ते तवाच घेऊन आले. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला. दहा इंची, काळाभोर, आतून आरशासारखा गुळगुळीत, बाहेरून वर्षानुवर्षांच्या काजळीची खपली धरलेला. प्रत्येकाला तो हातात घ्यायला लावला. मी एका हातानं उचलायला गेलो आणि मनगटानं साफ नकार दिला. "साबण कधी लागलेला नाही याला," ते म्हणाले. "जाडं मीठ आणि फडकं. बस्स." ओहायोवाल्यानं तवा घाईघाईनं पुढे सरकवला आणि टेबलाखाली हात पुसले.

हा तवा त्यांच्या घरी भिंतीवर खुंटीला असतो, हे मला नंतर कळलं. स्वयंपाक त्यांच्या बायकोकडे. ती मिशिगनची, आणि तिच्या ओट्यावर एअर फ्रायर आहे. गृहस्थांनी उभ्या आयुष्यात स्वतः कोंबडीचा एक तुकडाही तळलेला नाही. अर्थात, न तळणाऱ्याचंच मत ठाम राहू शकतं. तळणाऱ्याला तेलाचे चटके बसतात, एखादा तुकडा आत कच्चा निघतो, मग माणूस जरा नरम पडतो.

आता वादाचे मुद्दे. कोंबडी ताकात भिजवायची की नाही? शिकागोच्या बाईंनी मोबाइलवर शोधून सांगितलं की मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ च्या 'द व्हर्जिनिया हाउस-वाइफ' या पुस्तकात तळलेल्या कोंबडीची कृती आहे आणि तीत ताक नाही. पीठ, मीठ आणि उकळती चरबी, संपलं. गृहस्थ म्हणाले, "व्हर्जिनिया म्हणजे जवळजवळ उत्तरच की हो, मॅम." पुढे कोणी एडना लुईस यांचं नाव काढलं. चरबीत लोणी आणि खारवलेल्या हॅमचा एक काप टाकून कोंबडी तळणाऱ्या या बाई दक्षिणेच्या स्वयंपाकातलं दैवतच. गृहस्थांनी डोकं लववलं. एडना लुईसही व्हर्जिनियाच्याच, हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. शाकाहारी प्रतिनिधीनं कोंबडीच्या वादात पडू नये.

कर्नल सँडर्सचं नाव मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. काढलंच तर ते खूश होतात, हा त्यातला धोका. "केंटकीचा कर्नल! जन्म कुठला? इंडियाना! पहिली शाखा कुठे काढली? १९५२ साली, युटामध्ये!" हे ते असं सांगतात, जणू त्यांनी स्वतः पोलीस चौकशी केली होती. त्यातच गेन्सव्हिलचा कायदा आला. जॉर्जियातलं हे गाव कोंबड्यांच्या धंद्याची जागतिक राजधानी म्हणवतं, आणि तिथं १९६१ साली तळलेली कोंबडी काट्यानं खाणं बेकायदा ठरवलं. जाहिरातीसाठी केलेली गंमत होती ती, पण गृहस्थांनी मेजवानीच्या हॉटेलला लेखी विचारलं की कोंबडीच्या टेबलावर काटे मांडणार आहात का, आणि मांडणार असाल तर कुठल्या अधिकाराखाली.

याच बैठकीत एक गोष्ट घडली. समितीत एक निवृत्त शिक्षिका होत्या, कृष्णवर्णीय, सगळे त्यांना नावापुढे 'मिस' लावून हाक मारत. त्या फारशा बोलत नसत. त्यांनी गॉर्डन्सव्हिलचा विषय काढला. यादवी युद्धानंतर व्हर्जिनियातल्या या स्टेशनावर कृष्णवर्णीय बाया डोक्यावर तबकं घेऊन गाडीच्या खिडक्यांशी तळलेली कोंबडी विकत. त्यावर त्यांनी घरं बांधली, मुलं वाढवली. मग त्यांनी गृहस्थांकडे वळून अगदी सहज विचारलं, "तुमच्या आजी स्वतः उभ्या राहून तळायच्या का हो?" गृहस्थ प्रथमच अडखळले. म्हणाले, पीठ आजी मळून... म्हणजे आजी सांगायच्या. चुलीपाशी एक बाई असत. त्या बाईंचं नाव गृहस्थांना आठवलं. आडनाव आठवेना. शिक्षिकाबाई "हं" म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. तव्याचा अभ्रा त्या दिवशी पुन्हा उघडला नाही.

पण माणूस खचणारा नव्हे. पुढच्या बैठकीला विषय निघाला हिरव्या टोमॅटोच्या तळलेल्या चकत्यांचा. हा तर दक्षिणेचा झेंडाच, असं सगळ्यांनाच वाटत होतं. फॅनी फ्लॅग यांची १९८७ ची कादंबरी, तिच्यावरचा १९९१ चा सिनेमा, अलाबामातल्या आयर्नडेलचं ते हॉटेल, सिनेमाचं चित्रीकरण झालेलं आमच्या जॉर्जियातलं ज्युलिएट गाव. तेवढ्यात ओहायोवाला, तवा हाताळल्यापासून सूड उगवायची संधी शोधत असलेला, म्हणाला की रॉबर्ट मॉस नावाच्या खाद्य-इतिहासकारानं जुनी वर्तमानपत्रं आणि पाकपुस्तकं चाळली, तर या चकत्यांच्या कृती आधी सापडतात त्या मध्यपश्चिमेत आणि ईशान्येत. दक्षिणेत हा पदार्थ सिनेमानंतरच असा डोक्यावर घेतला गेला. "म्हणजे हे आमचं आहे," तो म्हणाला.

खोलीत शांतता. मग टोकावरून आवाज आला, "ब्लेस युअर हार्ट."

टोमॅटो मेन्यूतून गेले. लोणच्याच्या काकडीच्या तळलेल्या चकत्या आर्कान्सावाल्या बाईंनी सुचवल्या. त्या त्यांच्या अॅटकिन्स गावात १९६३ साली सुरू झाल्या म्हणे, समोरच लोणच्याचा कारखाना होता त्यामुळे. मिसिसिपीकडच्या एकानं लगेच त्यावर आपला दावा ठोकला. दोघांचं भांडण लागलं, म्हणून लोणचंही गेलं. टेक्ससच्या एकानं 'चिकन-फ्राइड स्टेक' मांडला. त्यात कोंबडी नसते, बीफच कोंबडीसारखं तळलेलं असतं. हे समजावण्यात वीस मिनिटं गेली आणि शेवटी मी विचारलं, यातलं शाकाहारी काय?

तेव्हा भेंडी निघाली. भेंडी आफ्रिकेतून गुलामांबरोबर इथं आली, आणि दक्षिणेत तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, मक्याच्या पिठात घोळून तळतात. मला गहिवरून आलं. मी सांगितलं, आमच्याकडे बेसन लावून कुरकुरीत करतात. गृहस्थांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "ताकात भिजवता?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण नातं जुळलं. मग कळलं की भेंडी तळायची त्याच तेलात, ज्यात आधी कॅटफिश तळला जाणार. आणि मक्याच्या पिठाचे ते गोळे, हशपपी, तेही त्यातच. मासळीच्या तेलात तळले नाहीत तर हशपपीला अर्थच नाही, असं त्यांचं मत. माझ्यासाठी वेगळी कढई मागायचा ठराव मांडला गेला. गृहस्थांनी अनुमोदन दिलं, एवढंच नव्हे, ती बिडाचीच हवी अशी दुरुस्तीही सुचवली. शेवटी गोडात पीचचं सारण भरलेली तळलेली 'पाय' आली. दुमडून अर्धचंद्र केलेली, कडेला काट्यानं दाबलेली, दिसायला हुबेहूब आपली करंजी. तिच्यावर कोणाचा वाद नव्हता, म्हणून कोणी लक्षही दिलं नाही.

मग हॉटेलची बँक्वेट मॅनेजर आली. तरुण मुलगी, हातात टॅब्लेट. तिनं शांतपणे सांगितलं: माणसं दीडशे. तेल ३५० अंश फॅरनहाइटला तापवायचं, एका वेळी फार तुकडे टाकले की ते थंड होतं. तळलेलं सगळं शेफिंग डिशमध्ये झाकून १३५ अंशांच्या वर ठेवायचं, नियम आहे. झाकलं की वाफ धरते, वाफ धरली की वरचं कवच ओलं होतं. "पहिल्या पंगतीला कुरकुरीत, शेवटच्याला गिच्च. त्यापेक्षा ओव्हन-फ्राइड करू या?"

'ओव्हन-फ्राइड' हा शब्द ऐकून गृहस्थ उभे राहिले. तळलेली कोंबडी, त्यांनी सांगितलं, तव्यातून काढल्यावर दहा मिनिटांत खावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी थंड, सहलीला. मधल्या वेळात खाणं पाप आहे. झाकणाखाली ठेवणं महापाप. इतकं बोलून त्यांनी अंतिम निर्णय दिला: तळलेलं करायचंच असेल तर हॉटेलात नको, आणि हॉटेलात करायचं असेल तर तळलेलं नको.

पंचाईत ही की त्यांचं बरोबर होतं. कवच, वाफ, तापमान, प्रत्येक मुद्दा पटणारा. ज्या माणसाचा तळणीवर सगळ्यात जास्त जीव, त्याच्याच हातून ती दरवर्षी मेन्यूवरून पुसली जाते. त्याला पानात आजीच हवी असते. नुसती कोंबडी त्याला चालत नाही. मतदान झालं. ओव्हनमधला सामन मासा, मश्रूमचा पास्ता, सॅलड. मेजवानीच्या रात्री गृहस्थांनी सामन काट्यानं उलटसुलट करून बघितला आणि झाकून ठेवला. शिक्षिकाबाईंनी पर्समधून चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलाखालून खाल्लं. वास ओळखीचा होता. त्यांनी कोणालाच दिलं नाही, गृहस्थांनाही नाही.

परतताना गृहस्थ माझ्याच गाडीत होते. हायवेला लागताच म्हणाले, पेट्रोल भरून घेऊ. माझी टाकी भरलेली होती. दक्षिणेत पेट्रोल पंपावरची कोंबडी ही मोठी चीज आहे. मिसिसिपीतलं ऑक्सफर्ड हे विद्यापीठाचं गाव तर पंपावरच्या काडीवरच्या कोंबडीसाठी ओळखलं जातं. काउंटरवर काचेच्या कपाटात लाल दिव्याखाली तुकडे केव्हापासून पडलेले होते देव जाणे. दहा मिनिटांचा नियम कोणी काढला नाही. त्यांनी थर्माकोलच्या डब्यात चार तुकडे घेतले, गाडीच्या बॉनेटवर ठेवले आणि उभ्यानं खाल्ले. हाडं चोखून झाल्यावर डोळे मिटून म्हणाले, "अगदी आजीची."

मालक आणंदकडचे गुजराती, घरी कांदा-लसूणही न खाणारे. मी हिंदीत विचारलं, चव कशी कळते तुम्हाला? ते म्हणाले, "रंगावरून, भाई. आणि गिऱ्हाईक परत येतं त्यावरून." गृहस्थांना राहवेना. आत जाऊन टोपी काढून त्यांनी विचारलं, "सर, पीठ कोणाच्या कृतीचं?"

"पीठ तयार येतं, सर. पोती येतात. ओहायोहून."

गृहस्थ थोडा वेळ काचेच्या कपाटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी आणखी दोन तुकडे मागवले आणि मला समजावून सांगितलं की ओहायोचा खालचा काठ नदीपलीकडे केंटकीलाच लागतो, तेव्हा पीठ मूळ तिकडचंच असणार.