२२ किलोन्यूटनचा मी

साडीच्या दुकानात बायको पदर दोन बोटांत चुरगाळून बघते, त्याला मी वीस वर्षं हसत आलो. मी लेबल वाचणारा माणूस.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कडे चढायचा किडा चावला. नागफणीला जायचं ठरलं. आमचा म्होरक्या माझ्याहून बावीस वर्षांनी लहान, पण कातळावर दादा तोच. त्याने एक १२० सेंटिमीटरची स्लिंग, म्हणजे टोकं शिवून जोडलेला पट्ट्याचा फास, आणायला सांगितलं.

दुकानदाराने दोन पुढ्यात टाकल्या. एक नायलॉनची, खाटेच्या नवारीची धाकटी बहीण शोभेल अशी जाड. दुसरी डायनिमाची, पांढरी, बुटाच्या नाडीएवढी सडपातळ, कडेला रंगीत रेघ. दोन्हींवर छापलेलं : २२ किलोन्यूटन. म्हणजे सव्वादोन टन! ताकद तेवढीच आणि वजन निम्मं, मग नवार घेणारा मूर्खच. मी नाडी घेतली. चाळीसेक ग्रॅम वाचले, त्या आनंदात लोणावळ्याला अर्धा किलो चिक्की घेतली. माझं स्वतःचं वजन ९१ किलो, पण त्याचा हिशेब दुकानदाराने विचारला नव्हता.

शिवाय घरातली एक जुनी स्लिंगही हाताशी असावी म्हणून पिशवीत टाकली.

सरावाच्या कातळापाशी दादाने तीच आधी उचलली. "काका, ही कुठे असते?"

"घरातच."

"घरात कुठे?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. तिला कपड्यांचा एक चिमटा अजून चिकटलेला होता. २०११ सालची जांभळी स्लिंग गॅलरीत चार उन्हाळे टॉवेल वाळवून फिकट गुलाबी झाली होती. ऊन नायलॉनला आतून खातं, आणि नुसती कपाटात ठेवली तरी दहा वर्षांनंतर बनवणारेच ती टाकून द्यायला सांगतात, असं म्हणत दादाने चाकू काढला आणि दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून तिचे दोन तुकडे केले. मी घरी काय सांगायचं याचा विचार करत राहिलो.

मग माझी पांढरी नाडी. उतरताना हात सुटलाच तर दोर आवळून धरावा म्हणून तिचा मी दोराभोवती झोकात प्रुसिक, म्हणजे दोर आवळणारी गाठ, बांधला. दादा बघत होता. काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "जमिनीपासून तीन फुटांवर या आणि हात सोडून दाखवा."

सोडले. प्रुसिकाने दोर धरला नाही, माझ्याबरोबर खाली यायचं पसंत केलं. मी करवंदाच्या जाळीत बसलो. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून इंग्रजांनी ज्या नागफणीला नाव दिलं, तिथे पोचण्याआधीच माझं कापलं गेलं.

काटे काढता काढता शिकवणी झाली. डायनिमा म्हणजे जातीने पॉलिथीन, भाजीच्या पिशवीची परदेशी शिकलेली आत्या. अंग गुळगुळीत, त्यामुळे गाठ सरकते. १४५ अंशांच्या आसपास वितळते. नायलॉन २०० च्या पुढेही तग धरतं. गाठ मारली की ताकद निम्म्यावर येऊ शकते, आणि ते छापील २२ बिनगाठीचे असतात. मुख्य म्हणजे डायनिमा ताणली जात नाही. "तुम्ही स्लिंगने स्वतःला अँकरला, म्हणजे कातळातल्या आधाराला, बांधून फोटोसाठी त्याच्या वर चढलात आणि तिथून घसरलात, तर नायलॉन थोडा तरी झटका पोटात घेईल. ही सगळा तुमच्या कमरेला आणि अँकरला देईल."

"मग विकतात कशाला?"

"अहो, ती उत्तम आहे! चढताना मेख आणि दोर यांच्यामध्ये लावा, दोर सरळ धावतो. तुम्ही तिला नवारीची कामं सांगताय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आणि चालता दोर थेट कुठल्याच स्लिंगमधून घ्यायचा नाही. नायलॉनमधूनसुद्धा. घासून वितळते."

हे शेवटचं मी विचारलंच नव्हतं. चेहऱ्यावर दिसलं असावं.

घरी दोन तुकडे पाहून बायकोने टॉवेलचा प्रश्न काढला. मी निमूटपणे नवी स्लिंग गॅलरीत बांधली आणि २२ किलोन्यूटनचं लेबल दाखवलं. तिने ती दोन बोटांत चुरगाळून पाहिली.

"गुळगुळीत आहे हो," ती म्हणाली. "चिमटे घसरणार."