चाळीस हजार वाचवणाऱ्या भाऊसाहेबांना खुलं पत्र

भाऊसाहेब,

तुम्ही क्रूझवरून परत आलात आणि तेव्हापासून आपल्या लेआउटमध्ये दुसरा विषय नाही. समुद्र कसा होता हे कोणाला कळलं नाही. चाळीस हजार कसे वाचवले, ते मात्र दूधवाल्यालाही पाठ झालं आहे. "आपल्याला न विचारता लावले होते नं त्यानं पैसे. गेलो काउंटरवर, म्हटलं काढा! काढले बाप्पा मुकाट्यानं." हे तुम्ही मंदिराच्या ओट्यावर सांगितलंत, सलूनमध्ये सांगितलंत, आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलंत. वर मथळा दिलात, "क्रूझला जाणाऱ्यांनी शेवटच्या दिवशी हे अवश्य करावे." तुमची फुशारकी ओट्यावरच राहिली असती तर मी गप्प बसले असते. पण डिसेंबरात पिपरी मेघेतली आणखी काही कुटुंबं निघाली आहेत आणि ती तुमचा सल्ला वहीत उतरवून घेत आहेत. म्हणून हे पत्र, आणि म्हणून सगळ्यांसमोर.

आधी तुमचाच हिशेब मांडते. माणसं चार, रात्री सात, माणशी रोजची टिप १६ डॉलर. झाले ४४८ डॉलर, म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास रुपये. परदेशी जहाजांवर ही रक्कम कंपनीप्रमाणे माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असते, महागड्या खोलीला त्याहून जास्त. ती बुकिंगच्या अटींमध्ये छापलेली असते. "न विचारता" कुठून आलं, भाऊसाहेब? सातबाऱ्यावर एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तहसीलच्या पायऱ्या झिजवणारे तुम्ही. लाखोंच्या सहलीचा कागद वाचायला तुम्हाला वेळ झाला नाही आणि त्याचा दंड तुम्ही खोली झाडणाऱ्या पोराला ठोठावलात.

हो, पोरालाच. तुमचा समज असा की तुम्ही कंपनीला नमवलं. कंपनीचं भाडं तुम्ही निघण्याआधी पूर्ण भरलं होतं, त्यातला एक रुपया तुम्हाला परत मिळाला नाही. काउंटरवरच्या मुलीनं मुकाट्यानं रक्कम काढली, कारण त्या रकमेत कंपनीच्या तिजोरीचं काहीच जात नव्हतं. ती तुमची केबिन आवरणाऱ्याची, तुम्हाला वाढणाऱ्याची, त्याच्या हाताखालच्या मदतनिसाची आणि बऱ्याच कंपन्यांत खाली धुलाईत, भटारखान्यात राबणाऱ्या, तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसांची होती.

माझा भाचा अशाच एका जहाजावर केबिन सांभाळतो. नागपुरात हॉटेल मॅनेजमेंट शिकला, जहाजावरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं, खलाशाचं सरकारी पुस्तक काढलं, मग करार मिळाला. तो करार महिनोन्‌महिन्यांचा असतो आणि त्यात रविवार नसतो. वीसेक खोल्या त्याच्याकडे. चादरी, टॉवेल, न्हाणीघर, लोकांनी सांडलेलं, लोकांना समुद्र लागल्यावर झालेलं, सगळं. सगळ्यात वाईट दिवस बंदरात प्रवासी बदलण्याचा. सकाळी नऊ-दहापर्यंत जुने उतरतात, दुपारी नवे चढायला लागतात, आणि मधल्या तेवढ्या वेळात साऱ्या खोल्या अशा झाल्या पाहिजेत की तिथे कधी कोणी झोपलंच नव्हतं. तो स्वतः खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत, दुसऱ्या एकाबरोबर राहतो. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराला आपल्या देशानं २०१५ मध्ये मान्यता दिली. त्या करारानं चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती ठरवून दिली आहे. दहा तास विश्रांती हा जिथे कायद्यानं मिळवावा लागलेला हक्क आहे, तिथे काम किती असेल ते तुम्ही ताडा. तुम्ही सरकारी नोकरीत होतात, साडेपाचला फाइल बांधायचात.

मूळ पगार कमी आणि बाकीची कमाई प्रवाशांच्या टिपवर, अशी या धंद्याची बांधणी आहे. ती न्याय्य नाही, हे मी तुमच्याआधी म्हणते. मालक अमेरिकेत, जहाजावर झेंडा बहामा नाहीतर पनामाचा, कामगार भारत, फिलिपिन्स, इंडोनेशियाचे. ही व्यवस्था अशी उभी केली आहे की कुठल्याच श्रीमंत देशाचा किमान वेतनाचा कायदा तिला लागू नये. हे सगळं आजचं नाही. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीनं आपल्या रेल्वेच्या शयनयानांत मुक्त झालेल्या गुलामांना चाकरीला ठेवलं. पगार तुटपुंजा दिला आणि पोट प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडलं. प्रवासी त्यांना नावानं हाक मारत नसत. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून प्रत्येक नोकर "जॉर्ज". त्या माणसांनी १९२५ मध्ये संघटना बांधली आणि कंपनीला करारावर सही करायला लावायला १९३७ उजाडलं. व्यवस्था बदलायची तर ती अशी बदलते, भाऊसाहेब. एका प्रवाशानं शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन नोकराचे पैसे स्वतःच्या खिशात घातल्यानं बदलत नाही. आणि तुमच्या केबिनमधल्या मुलाला सात दिवस तुम्ही काय हाक मारत होतात, ते तुमच्याच व्हिडिओत ऐकलं मी. "ए बॉय." त्याच्या छातीवर नावाची पाटी होती.

तुमच्या बाजूनं जे जे म्हणून झालं आहे, त्याला एकेक करून उत्तर देते, म्हणजे ग्रुपवर पुन्हा तेच उगाळायला नको.

"सेवाशुल्क बेकायदा आहे, पेपरात आलं होतं." आलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी हॉटेलं आणि रेस्टॉरंटांना बजावलं की बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नका, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरलं. ते निर्देश भारतातल्या हॉटेलांसाठी आहेत. बहामाचा झेंडा लावून दुसऱ्या समुद्रात चाललेल्या जहाजाला ते लागू होत नाहीत. शिवाय त्याच निर्देशांत टिप ग्राहकाच्या खुशीवर सोडली आहे. तुमची खुशी काय निघाली, ते आता सगळ्या लेआउटला ठाऊक आहे.

"मी रोख दिली होती त्याला." पाच डॉलर दिलेत, असं वहिनी म्हणाल्या. काही कंपन्यांमध्ये नियम असा आहे की प्रवाशानं ठरलेली रक्कम काढून टाकली तर हातात मिळालेली रोखही नोकरानं सामाईक पेटीत जमा करायची. ठरलेली रक्कम तशीच ठेवून वर काही दिलं तर ते त्याचं. म्हणजे तुम्ही दिलेले पाच डॉलरही बहुधा त्याच्याकडे राहिले नाहीत.

"सेवा चांगली नव्हती." मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. प्रत्येक मजल्यावर वरिष्ठ असतो, तक्रार केली की त्याच दिवशी माणूस येतो. सात दिवस गादीवर टॉवेलचे हत्ती-ससे करून ठेवलेले तुम्ही स्टेटसला लावत होतात. तक्रार एकदम शेवटच्या रात्री, काउंटरच्या रांगेत सुचली.

"आपल्याकडे अशी पद्धत नाही." हे ऐकून मला सगळ्यात जास्त राग आला. आपण खेड्यातून आलेली माणसं आहोत. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या 'गावगाडा'त ज्या बलुत्याचं सविस्तर वर्णन केलं, ते तुमच्या-माझ्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार वर्षभर राबायचे आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्य न्यायचे. ते दान नव्हतं, आधी केलेल्या कामाचा मोबदला होता, फक्त शेवटी मिळणारा. त्या पद्धतीतही माणूस नाडला जायचा, कारण माप शेतकऱ्याच्या हातात होतं. काम करून घेऊन खळ्यावर हात आखडणारा प्रत्येक गावात एखादा असायचा आणि गाव त्याला ओळखून असायचं. जहाजावरची शेवटची रात्र म्हणजे ते खळं आहे.

आणि हे काम करणारे कोणी परके नाहीत. गोव्यात दर्यावर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. इंग्रजांच्या बोटींवर बटलर, आचारी, वाढपी म्हणून गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गेली. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात त्यांच्या गावांच्या 'कूड' आहेत. पुढची बोट मिळेपर्यंत तिथे पेटीवर पेटी रचून ती राहायची. कोकणातल्या खलाशांचंही तेच. विदर्भातली पोरं आत्ता आत्ता निघाली आहेत. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे जहाजं थांबली तेव्हा टिप देणारा प्रवासीच उरला नाही. एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी' हे जहाज मुंबईसमोर आलं, तेव्हा त्यावरच्या सुमारे दीडशे भारतीय कामगारांना आपला किनारा दिसत होता आणि उतरायला परवानगी नव्हती. ती मिळायला बरेच दिवस गेले. त्याआधीच्या वर्षी गाजावाजा करून मुंबईहून सुरू झालेलं 'कर्णिका' हे जहाज २०२० सालीच बंद पडलं आणि शेवटी अलंगला भंगारात गेलं. या पोरांची मिळकत इतकी कच्च्या दोऱ्यावर असते.

भाचा सांगतो, गलबल्यात कुठे मराठी ऐकू आलं की त्याचे पाय तिकडे वळतात. जादा उशी, मुलांना चॉकलेट, आजींना गरम पाणी, न मागता देतो. शेवटच्या सकाळी टिप काढून टाकणाऱ्यांची यादी येते तेव्हा त्यात आपली आडनावं दिसली की तो आईला फोन करत नाही, कारण आवाजावरून तिला कळतं. तुम्ही जिथे गेलात तिथला मुलगा त्याच्यासारखाच कोणाचा तरी भाचा होता. तुमच्या पाया पडून गेला असेल तो, आपल्याकडची पोरं पडतात.

आता डिसेंबरात निघणाऱ्यांसाठी, तुमच्या सल्ल्याच्या जागी हे लिहा. बुकिंग करतानाच विचारायचं, टिप भाड्यात धरली आहे की वेगळी. काही महागड्या कंपन्यांत ती भाड्यातच असते, मुंबईहून सुटणाऱ्या जहाजासाठी एजंटकडून लेखी घ्यायचं. वेगळी असेल तर निघण्याआधीच भरून टाकायची, म्हणजे सहलीचा खर्च घरीच कळतो आणि शेवटी पोटात गोळा येत नाही. लहान मुलांचीही लागते, ती धरूनच बजेट करायचं. पेयांच्या बिलात बहुतेक परदेशी जहाजांवर १८ ते २० टक्के आधीच जोडलेले असतात. खाली जादा टिपेसाठी जी रिकामी ओळ दिसते ती रिकामी ठेवली तरी चालते, तिथे कोणी दबून जाऊ नये. रात्री खोलीत जेवण मागवलं तर आणणाऱ्याच्या हातावर एक-दोन डॉलर. परदेशी बंदरावर बॅगा उचलणारे जहाजाचे नोकर नसतात, त्यांना तिथेच, बॅगेमागे एक-दोन डॉलर. कप्तान आणि अधिकाऱ्यांना टिप देत नाहीत. त्यांना नमस्कार पुरतो.

ज्यानं खास जीव लावला त्याला ठरलेल्या रकमेवर वेगळं द्यायचं असेल तर शेवटच्या संध्याकाळी, पाकिटात, त्याच्या हातात, नावानं हाक मारून. नोटा द्याव्यात, परदेशी नाणी त्याला कुठे बदलून मिळत नाहीत. आणि उतरण्याआधी अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याचं नाव लिहायचं. याला एक पैसा लागत नाही आणि पुढचा करार मिळताना ते नाव मोजलं जातं. तुम्ही फॉर्मवर काय लिहिलंत, भाऊसाहेब? बुफेमध्ये आमरस नव्हता, हे तुम्ही मला स्वतः सांगितलं.

एवढा खर्च झेपत नसेल तर त्यात लाज नाही. सातऐवजी चार रात्रींची सहल घ्यावी, खिडकीऐवजी आतली खोली घ्यावी. काटकसर स्वतःच्या सुखात करावी. याच लेआउटमध्ये मुलीच्या लग्नात पंगत वाढणाऱ्या पोरांना तुम्ही हजारोंची बक्षिसी वाटली होती, मी पाहिलं आहे. तेव्हा समोर व्याही उभे होते. जहाजावर ओळखीचं कोणी बघत नव्हतं.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. ग्रुपवरचा तो निरोप आज काढा आणि त्याजागी वरचा मजकूर तुमच्या नावानं टाका, माझं नाव घालायची गरज नाही. तुमचं ऐकून निघालेली माणसं तुमचंच ऐकून थांबतील. दुसरं, त्या कंपनीला पत्र लिहा. केबिनचा नंबर आणि तारखा तुमच्या कागदांवर आहेत. त्या मुलाचं नाव त्यांच्याकडून मागून घ्या, त्याच्या कामाबद्दल चार चांगल्या ओळी लिहा आणि राहिलेली रक्कम त्याच्यापर्यंत कशी पोचवता येईल ते विचारा. इंग्रजीची अडचण असेल तर संध्याकाळी घरी या, मी लिहून देते.

आपली शेजारीण,
पिपरी मेघे, वर्धा