दोनशे चौदा कोटींची मिजास

२१४७४८३६४७. म्हणजे दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एवढे रुपये मागे ठेवून कुणी गेलं, तर वारसांत भांडण ठरलेलंच. कारण ही मूळ संख्या. दोघांत वाटा, सातांत वाटा, वर काही रुपये उरणारच.

घराणं मात्र खानदानी. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ही मिळते. ३१ स्वतः मूळ, आणि तीही त्याच घडणीची: २ चा पाचवा घात वजा १. पुढच्या पिढीत मात्र तेज उतरलं. घाताच्या जागी हिलाच बसवलं तर चौसष्ट कोटींहून अधिक अंकांची अगडबंब संख्या तयार होते. आणि तिला २९५२५७५२६६२६०३१ या पंधरा अंकी संख्येने बिनबोभाट भाग जातो!

मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये हिला मूळ म्हटलं, पण त्याच्या यादीतल्या ६७ आणि २५७ या घातांच्या संख्या पुढे खोट्या निघाल्या. म्हणजे शब्दावर विश्वास ठेवायची सोय नाही. १७७२ च्या सुमारास ऑयलरने सेंट पीटर्सबर्गमध्ये हिचं मूळपण सिद्ध केलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. हिला मूळ विभाजक असलाच, तर २४८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ६३ च उरेल, हे त्याने ओळखलं. मग हिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, तेवढ्याच मूळ संख्या तपासायच्या. डोळस माणसालाही हे सुचायला हवं ना!

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकलं, की हिच्यापासून मिळणारी एकोणीस अंकी परिपूर्ण (म्हणजे स्वतःखेरीज आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी) संख्याच कायमची सर्वांत मोठी ठरेल. असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य, पुढचं शोधायच्या फंदात कोण पडणार?

उपयोग निघाला. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी संगणकाला यादृच्छिक भासणारे आकडे पुरवायला सुचवलेली रीत अशी: हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणा, हिने भागा, बाकी घ्या, पुन्हा तेच. हिच्याहून लहान प्रत्येक धन पूर्णांक एकेकदा हजेरी लावतो, तेव्हाच पहिला परततो. एवढी शिस्त हिच्या मूळपणामुळेच.

दुसरी नोकरी पहारेकऱ्याची, आणि तिथे मूळपणाचा काडीचा संबंध नाही. द्विमान पद्धतीत ही म्हणजे ओळीने ३१ एकं, आणि बत्तिसावा बिट अधिक-उणे चिन्हाला जातो, म्हणून बत्तीस बिटांच्या जुन्या संगणकांची मोजणी हिच्यापाशी थांबते. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणारी त्यांची घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्याकडे सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी हिला गाठतील. दुरुस्ती झालेली नसेल, तर पुढच्या सेकंदाला थेट डिसेंबर १९०१! टिळक 'केसरी' चालवताहेत, आणि गणितज्ञ ल्यूकाने १८७६ मध्येच हिच्याच घडणीची, म्हणजे आणखी मोठी परिपूर्ण संख्या देणारी, एकोणचाळीस अंकी मूळ संख्या सिद्ध केलेली आहे. म्हणजे बार्लो चुकला, हे त्या गोंधळलेल्या यंत्रांनाही ठाऊक असेल.