मागचा कोन

पुण्यात थार घेतली की पहिल्या महिन्यात ती उंच करायची, हा आता कुळाचार झाला आहे. दोन इंचांचा लिफ्ट किट बसतो, गाडी खरोखर वर जाते, शेजारी माना वर करून बघतात. फक्त मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरेन्शियल, म्हणजे दगडाला घासणारा तो लोखंडी गोळा, होता तिथेच राहतो. तो स्प्रिंगवर नव्हे, चाकांवर उभा असतो. त्याला वर घ्यायचं तर टायर मोठे हवेत. पण हे सांगणार कोण? किट विकणारा तर नक्कीच नाही.

उतार संपून गाडी सपाटीला लागताना तिचं बूड टेकतं की नाही, हे मागचा कोन ठरवतो. कंपनीच्या कागदावर थारचा तो सुमारे 37 अंश, जिम्नीचा 47. (जिम्नीवाले हा आकडा न विचारता सांगतात.) मग थारवाला कोन वाढवायला बंपर छाटतो, सायलेन्सरचं तोंड वर वळवून घेतो आणि मोकळ्या झालेल्या जागी ट्रेलर ओढायचा जाडजूड हुक लावतो. ट्रेलर त्याच्याकडे नाही. पार्किंगमध्ये कुणी मागून ठोकू नये, एवढ्यासाठीच हुक. ओढा ओलांडताना तोच नांगरासारखा आधी रुततो.

गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितलं आहे. म्हणून छाटलेल्या बंपरचा अखंड जोडीदार सोसायटीच्या गच्चीवर झाकून ठेवलेला असतो. आरटीओत जायच्या दिवशी तो खाली उतरतो.